पुस्तकातला उपाशी पाहुणा

दिवाळी संपली की आमच्या दुकानात पोटाच्या गोळ्या जास्त खपतात. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत माझं औषधाचं दुकान आहे आणि ऋतू बदलल्याचं मला झाडांच्या आधी गिऱ्हाइकांकडून कळतं. पावसाळ्यात तापाच्या गोळ्या, उन्हाळ्यात मीठ-साखरेची पाकिटं आणि कार्तिकात पोटाच्या गोळ्या. कारण कार्तिकात मंडया असतात. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात हलकं, लवकर येणारं धान कापून झालं की एकेक गाव आपली मंडई भरवतं. बांगड्यांची, खेळण्यांची, शेवचिवड्याची दुकानं लागतात, दुपारी दंडार हा नाच-नाटकाचा खेळ रंगतो. पण खरी मंडई भरते ती घराघरांत. सासरी गेलेल्या मुली येतात, जावई येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरेही येतात, आणि आलेल्या प्रत्येकाला जेवू घालायचं असतं. आज या गावी, परवा पलीकडच्या. पाहुण्यांची पोटं बिघडली तर दोष पाहुण्यांचा. पाहुणा अर्धपोटी उठला, तर मात्र ते घर वर्षभर कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

या दिवसांत सकाळी शटर उचलताना लोखंड हाताला गार लागतं. दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची भुकटी बसते. ती या गावात बाराही महिने बसते, पण कार्तिकात दव पडतं म्हणून चिकटते आणि झटकून जात नाही. मूल गावाकडून येणाऱ्या बसमधून माणसं उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर कापलेल्या धानाचा कोरडा, गोडसर वास उतरतो. बसस्टँडबाहेर बाया शिंगाडे घेऊन बसतात. कच्चे हिरवे एका टोपलीत, उकडलेले काळे दुसरीत. उकडलेला शिंगाडा दाताने फोडला की आतून पांढरा पिठूळ गर निघतो आणि जिभेवर क्षणभर तलावाची चव येते. मी दरवर्षी घेते, दरवर्षी त्याचं शिंग ओठाला टोचतं.

असाच एक कार्तिक माझ्या लक्षात राहिला आहे. फार वर्षं नाही झाली. आमच्या गल्लीपलीकडच्या वाचनालयाने तेव्हा रविवारी सकाळी एक कार्यक्रम सुरू केला होता. नवी कादंबरी, तिचा लेखक किंवा लेखिका, आणि तासभर गप्पा. प्रश्न विचारायला आधी एक प्राध्यापक होते. त्यांचा प्रश्न संपेपर्यंत चहा गार व्हायचा आणि लेखकाला उत्तर द्यायला जागाच उरायची नाही. मग ते काम माझ्याकडे आलं. रविवारी माझं दुकान बंद असतं आणि मला भाषण करता येत नाही, एवढ्या दोन गुणांवर. मी पुस्तक पूर्ण वाचून जायची आणि जे कळलं नाही ते विचारायची. औषध देताना जसं विचारते तसंच. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, जेवलात का.

लेखक ही जात मला आवडली. शहरातून आलेले एक गृहस्थ म्हणाले, पात्रं माझ्याशी बोलतात. मी विचारलं, तुम्हाला ताप असला तरी बोलतात का? ते आधी रागावले, मग विचारात पडले आणि म्हणाले, खरं सांगायचं तर तापात जास्त बोलतात. कोरपन्याकडचा एक तरुण आला होता. सिमेंटच्या कारखान्याला गेलेल्या शेताबद्दल त्याने कादंबरी लिहिली होती आणि तो इतका हळू बोलायचा की मागच्या रांगेतले लोक खुर्च्या उचलून पुढे आले. मी त्याला विचारलं की पुस्तकातली आई सगळ्यांना वाढते, ती स्वतः कधी जेवते? त्याने पुस्तक उघडून दोन-तीन पानं चाळली. मग म्हणाला, मॅडम, हे मी पाहिलंच नाही कधी. घरी जाऊन पाहतो.

तेव्हापासून मी प्रत्येक कादंबरीत कोण जेवतं आणि कोण उपाशी राहतं ते बघायला लागले. काहींना हे फार बायकी वाटतं. वाटू दे. माणूस कोणाच्या हातचं काय खातो यावरून मला त्या घराचं जितकं कळतं तितकं प्रेमाच्या संवादांवरून कळत नाही.

त्या कार्तिकात कार्यक्रमाला शकुन येणार होती. शकुन गडचिरोलीला मुलींच्या वसतिगृहावर नोकरी करते. माहेर आरमोरीजवळच्या एका गावातलं, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, मासेमारी करणारं घर. आई-वडील गेलेले. ते गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ, आणि खरं पाहिलं तर वहिनी. तिची पहिली कादंबरी, ‘शिंगाड्याचं पाणी’, नुकतीच आली होती. मी दोनदा वाचली. पहाटे डोंग्यात बसून शिंगाडा तोडणाऱ्या बाया, पाण्यात राहून पांढरी पडलेली त्यांची बोटं, वेल उलटा करताना खालून येणारा गाळाचा वास. ते सगळं तिने असं लिहिलं होतं की वाचून झाल्यावर मी उगाच हात पुसले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. डोकं दुखत होतं. गोळी घेतली, पाणी प्यायली आणि काउंटरला टेकून उभी राहिली. गिऱ्हाइकं गेली तरी हलेना. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली की येत्या आठवड्यात त्यांच्या गावची मंडई आहे आणि तिला बोलावणं आलेलं नाही. आजवर असं झालं नव्हतं. लग्नानंतर दर कार्तिकात वहिनीचा फोन यायचा, फोन नव्हते तेव्हा कोणी ना कोणी निरोप घेऊन यायचं. या वर्षी गावात पुस्तक गेलं आणि बोलावणं थांबलं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, तुया वयनीले विचार. वहिनी फोन उचलत नव्हती.

कारण तिला ठाऊक होतं. कादंबरीत मंडईचं एक प्रकरण आहे. तलावाकाठच्या एका घरी एक पाहुणा उशिरा पोचतो. तोवर पंगती उठलेल्या असतात, मासोळीचं भांडं तळाला लागलेलं असतं. घरची बाई त्याला भात आणि नुसता झोर, म्हणजे पातळ रस्सा, वाढते. तो माणूस तोंडातून काटा काढल्यासारखं करतो, नसलेला काटा ताटाच्या कडेला ठेवतो, पोट भरलं म्हणतो आणि उठतो. दोनच पानं आहेत. पूर्ण पुस्तकात मला ती सगळ्यात आवडली होती.

“मी ते मनानं लिहिलं,” शकुन म्हणाली. “आमच्या घरी असं कधी झालंच नाही. पण तलाव आमचा, घर आमच्यासारखं, तर सगळं गाव म्हणतं की इंदूच्या, म्हणजे वहिनीच्या, घरून पाहुणा उपाशी गेला.”

मी तिला म्हटलं की उद्या हे बोलू. ती नको म्हणाली. लोक हसतील. पुस्तकाची काळजी तिला नव्हती. तिची काळजी सरळ होती: आता मंडईला कुठे जायचं? ज्या बाईला कार्तिकात जायला घर नाही, तिला आमच्याकडे माहेर नाही असंच म्हणतात. मी तिला दुसरी गोळी दिली नाही. या दुखण्याला गोळी नसते.

रविवारी वाचनालयात नेहमीची माणसं जमली. पेन्शनर, तीन-चार शिक्षक, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या काही मुली. पंख्याची गरज नव्हती. उघड्या खिडकीतून उन्हाचा चौकोन सतरंजीवर पडला होता आणि भिंतीजवळच्या कपाटांना जुन्या कागदाचा गार वास येत होता. एवढ्यात दारातून एक बाई आली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, हातात मोठी कापडी पिशवी. तिला पाहताच शकुनने खुर्चीचा हात घट्ट धरला, त्यावरून ही इंदूवहिनी हे मला कळलं. पहिल्या बसने निघून आली होती. ती शकुनकडे न बघता सरळ माझ्याकडे आली.

“इथी पंच कोण हाये?”

मी म्हटलं पंच कोणी नाही, मी नुसते प्रश्न विचारते.

“मंग तुमीच,” ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. तिच्या गावात कोणी कोणाच्या घराबद्दल काही बोललं की समाजाची बैठक बसते. दोन्ही बाजू एका सतरंजीवर येतात, पंच आधी याला विचारतो, मग त्याला. शकुनला तिच्या पुस्तकाबद्दल चंद्रपुरात चारचौघांत विचारणार आहेत, असं तिने कोणाकडून तरी ऐकलं होतं. तिच्या हिशेबी याचा दुसरा अर्थच नव्हता. बैठक आहे, आणि आपल्याला न कळवता बसली आहे. म्हणून ती आली होती.

मी सुरुवात केली. डोंग्याबद्दल विचारलं, शिंगाड्याबद्दल विचारलं. शकुन उत्तरं देत होती, पण प्रत्येक वेळी पहिल्या रांगेकडे बघून. तिसऱ्या प्रश्नाला इंदूवहिनी उठून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “माही बारी कवा हाये, बाई?”

पेन्शनरांपैकी एकाने तिला बसायची खूण केली. मला मात्र तिचं बरोबर वाटलं. पुस्तकात ज्याचं घर आलं त्याने कधी बोलायचं, याचा आमच्या कार्यक्रमात विचारच केलेला नव्हता. मी शेजारची खुर्ची ओढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. ती आली, बसली, पदर सारखा केला.

“शकुनबाई,” ती म्हणाली. एरवी ती तिला नुसतं शकुन म्हणायची, हे मला नंतर कळलं. “तो पाहुणा कोण होता ते सांगा. नाव सांगा. मी त्याले याच मंडईले बोलावतो, पाटावर बसवतो अन् पोटभर वाढतो.”

“वयनी, तो कोणी नाही. मी त्याला तयार केला.”

“तयार केला?”

“हो. डोक्यातून.”

“मंग तयार केलेल्या मानसाले भूक कायची लागते?”

मागे हशा पिकला. इंदूवहिनीने मान वळवून एकदा पाहिलं आणि हसू थांबलं. ती थट्टा करत नव्हती. मीही कित्येक कादंबरीकारांना बरंच काही विचारलं आहे, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. शकुन म्हणाली, “लागली खरी. मला लिहिताना लागत होती.”

“तुले त्याचं कोनं सांगतलं?” वहिनीचा आवाज एकदम खाली आला होता. “तेवढं सांग. भावानं सांगतलं का?”

“कोणी नाही सांगितलं, वयनी. आईची शपथ.”

मला तिथे काहीतरी जाणवलं. हिला तो पाहुणा माहीत आहे. जो नव्हताच त्याच्यासाठी कोणी कोणाला “कोनं सांगतलं” असं विचारत नाही. मी कार्यक्रम तिथेच आवरता घेतला. आज पुस्तकावर पुरेसं बोलून झालं, आता चहा, असं सांगितलं. लोक थोडे नाराज झाले. होऊ देत.

वाचनालयाच्या मागे एक छोटी खोली आहे, तिथे चहाचं सामान असतं. दोघींना तिथे बसवून मी कप विसळायला घेतले. पाठ त्यांच्याकडे ठेवली. माणसाला बोलायचं असलं की त्याच्याकडे बघू नये, हे काउंटरमागे उभं राहून शिकता येतं.

मी दोन कप विसळून पालथे घातले. मग इंदूवहिनी म्हणाली, “माहा भाऊ होता तो.”

शकुन म्हणाली, “कोण?”

“तुया पुस्तकातला. माहा धाकला भाऊ.”

मग तिने सांगितलं. ज्या वर्षी पावसात तलावाची पाळ फुटली आणि सगळी मासोळी नाल्याने वाहून गेली, त्या वर्षीची मंडई. शकुन तेव्हा बाळंतपणामुळे सासरीच होती, आलीच नव्हती. दुसऱ्या गावाहून विकत आणलेली थोडीशी मासोळी आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूचे पाहुणे आधी, सासऱ्यांचे मग, नवऱ्याचे मग. सुनेच्या माहेरचे शेवटी. तिचा भाऊ नदीपलीकडच्या गावाहून सायकलने आला होता. भांड्यात झोर होता. तिने तो भातावर घातला, भावाने खाली मान घालून खाल्ला, पोट भरलं म्हणाला आणि निघाला. “अंधार पडाच्या आत जातो म्हने. ऊन माथ्यावर होतं तवा.”

शकुनने आपली खुर्ची वहिनीजवळ ओढली.

“तवापासून तो दर मंडईले येते,” वहिनी म्हणाली, “पन जेवूनच येते. रस्त्यात एका घरी जेवलो म्हनते. कोन्या घरी ते सांगत नाई. मी विचारत बी नाई. पाणी देतो, चहा देतो, पान देतो. एवढ्या सालाचं हे फक्त मले अन् त्याले मालूम हाये. अन् तू छापून आनलं.”

मी नळ बंद केला. शकुन रडत होती, आवाज न करता. इंदूवहिनी रडत नव्हती. तिने पिशवी उघडली, उकडलेले शिंगाडे काढून टेबलावर ठेवले आणि एकेक सोलून शकुनसमोर ठेवायला लागली. बैठकीला जाताना कोणी शिदोरी घेतं, तसे आणले असावेत. किंवा नणंदेसाठीच आणले असावेत. मी विचारलं नाही.

“तो काटा मात्र त्यानं नाई काढला,” ती सोलता सोलता म्हणाली. “ते तू लावलं.”

“हो.”

“पन काढला असता. तसाच हाये तो.”

कादंबरीबद्दल मी पुष्कळ मोठ्या माणसांची मतं ऐकली आहेत. न घडलेलं लिहून घडलेल्यापर्यंत कसं पोचतात यावर एकाने मला पाऊण तास समजावलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या खोलीत, ओल्या हातांनी उभी असताना, कळलं. शकुनला काही माहीत नव्हतं. तिने फक्त एका घरात भांडं तळाला लावलं आणि उशिरा एक माणूस आणून बसवला. बाकीचं त्या माणसानेच केलं. आणि शंभर घरांतल्या कुठल्या तरी एका स्वयंपाकघरात एक बाई दचकली, कारण तिला वाटलं, आपल्याला कोणीतरी पाहिलं होतं.

आजही कार्यक्रम चालू आहे. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, तिची कादंबरी कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीवर होती. तिने घाबरत विचारलं, आमच्या शेजारच्या काकूंना ओळखू येईल का? मी म्हटलं, येईल. तुम्ही त्यांना बिलकूल न बघता लिहिलं तरी येईल. कार्यक्रमाची तिसरी खुर्ची आम्ही तेव्हापासून मांडूनच ठेवतो. बहुतेक वेळा ती रिकामी असते. लेखकांचं तिच्याकडे लक्ष जातं.

त्या रविवारी परतीच्या बसमध्ये बसल्यावर इंदूवहिनीने खिडकीतून आम्हा दोघींना सांगितलं, मंडईले या. शकुनला वेगळं असं काही म्हणाली नाही. “तू एक दिवस आधी ये,” एवढंच. “मासोळ्या साफ कराले कोनी नाई.”

शकुन आदल्या दिवशी गेली, मी मंडईच्या दिवशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे कडपे पसरले होते, मध्येच भारी धान अजून उभं होतं, पिवळं, जड. तलाव काठोकाठ होता आणि शिंगाड्याच्या वेलांनी अर्धा झाकला होता. गावात शिरताच दंडारीच्या ढोलकीचा आवाज, जिलबीच्या कढईचा धूर, नव्या कपड्यांच्या घड्या. इंदूवहिनीचं अंगण शेणाने सारवलेलं होतं. शकुन मागच्या दारी बसून मासोळ्यांची खवलं काढत होती, हात कोपरापर्यंत चंदेरी झाले होते. मी नोकरीवरची शकुन पाहिली होती, लेखिका शकुन पाहिली होती. ही तिसरीच होती आणि सगळ्यांत मोठ्याने बोलत होती.

दुपारी वहिनीचा भाऊ आला. आता मोटरसायकलवर. पन्नाशीकडे झुकलेला, लाजाळू, डोक्याला रुमाल. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणाला, “मी जेवून आलो, बाई. रस्त्यात एका घरी...”

“कोन्या घरी?” इंदूवहिनीने विचारलं.

तो गडबडला. इतक्या वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.

“घर सांग. मी त्यायले जाऊन विचारतो, काय वाढलं म्हून.”

“आता असं काय करून राह्यली तू...”

“तुयं नाव पुस्तकात छापून आलं,” ती म्हणाली. ते खोटं होतं, नाव नव्हतं. “साऱ्या चंद्रपुराले मालूम हाये की तू माह्या घरून उपाशी गेला. ह्या बाई तिथूनच आल्या. विचार.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याने चपला काढल्या.

ती पंगत फक्त त्याच्यासाठी होती. तिने त्याला सगळ्यांच्या आधी बसवलं होतं, नवऱ्याच्याही आधी, आणि तिच्या नवऱ्याने स्वतः तांब्या भरून आणला. वहिनी वाढत राहिली. भाऊ नको म्हणाला तरी वाढत राहिली. तो खाली मान घालून जेवला आणि त्याच्या ताटाच्या कडेला काट्यांची एक लांब रांग लागली. शकुन दारात उभी होती. मला वाटलं आता ही मनात काहीतरी लिहून घेत असेल. पण ती फक्त बघत होती, आणि माश्या उडवायला हातात घेतलेला पंखा हलवायला विसरली होती.

या वर्षी तिच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती आली. एक प्रत तिने दुकानात आणून दिली. चार दिवसांनी इंदूवहिनीचा फोन आला. गिऱ्हाइकं होती, तरी मी घेतला.

“बाई, नवं पुस्तक आलं म्हने. तुमच्याजोळ हाये?”

आहे म्हटलं.

“त्यात तो जेवला का?”

मी काउंटरवर पुस्तक उघडलं. मंडईचं प्रकरण काढलं. शकुनने काही वाक्यं सारखी केली होती, एक-दोन शब्द बदलले होते. पाहुणा तसाच उशिरा येत होता. भांडं तळाला लागलेलं होतं. तो नसलेला काटा ताटाच्या कडेला ठेवत होता.

“नाही जेवला,” मी सांगितलं. खोटं सांगून उपयोग नव्हता. ती वाचू शकते.

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग कोणीतरी कोणाला हाक मारली.

“असू द्या,” इंदूवहिनी म्हणाली. “तुमी मंडईले या. अन् रस्त्यात कुठी जेवू नोका.”